मुकी टोळी, अबोल पंथ, आपली माणसं

भावजी,

काल तुमचा जलदान विधी झाला. भंतेजींच्या मागे सगळे वंदना म्हणत होते. तुमचे दादा पहिल्या रांगेत, तुमची संगीता आईंच्या खांद्याला टेकून, आणि मी दाराशी. माझं लक्ष तुमच्या फोटोकडे नव्हतं. फोटोच्या मागे, कोपऱ्यातल्या टेबलावर तुमचा कॉम्प्युटर होता आणि त्याच्यावर कुणीतरी टॉवेल टाकला होता. त्या टॉवेलाखाली एक किल्ला आहे. किल्ल्याचं दार बंद आहे आणि दाराबाहेर तोंडाला फडकी बांधलेली शे-दोनशे माणसं बर्फात उभी आहेत. आपण त्यांना तसंच उभं ठेवून उठलो होतो. घरात एवढे लोक जमले होते, पण हे फक्त मला माहीत होतं.

तुम्ही गेल्यापासून मला कशाचीही भीती वाटते. गल्लीत मोटारसायकल थांबली की हातातलं काम सुटतं. तुमच्या दादांना कापसाच्या जिनिंगवरून यायला जरा उशीर झाला की मी फाटकाशी जाऊन उभी राहते. अनोळखी नंबरचा फोन मी घेतच नाही, तुमच्या स्वराच्या हातात देते. आणि ह्या सगळ्यात ही एक वेडगळ काळजी, की त्या दाराचं काय करायचं. तुम्ही एक म्हणत होतात, मी दुसरं. वाद अर्ध्यात राहिला. म्हणून आज सकाळी स्वयंपाक उरकून लिहायला बसलेय.

लग्न होऊन मी मानवतला आले तेव्हा तुम्ही कॉलेजात होतात आणि माझ्यासमोर मान वर करत नव्हतात. वहिनी म्हणून पहिली हाक मारलीत ती कॉम्प्युटरपाशी. रविवार होता, जेवणं झाली होती. "वहिनी, तुमचं बीए इंग्रजीत हाय म्हणं. हे काय लिहिलंय तेवढं सांगता का?"

पडद्यावर एक म्हातारा शिपाई तोंड हलवत होता आणि खाली भराभर अक्षरं येत होती. मित्राकडून आणलेला खेळ होता तो. राजे, किल्ले, बोलणारी झाडं, आणि पानंच्या पानं इंग्रजी. तलवार तुम्हाला चालवता यायची, पण ती कुणावर चालवायची हे त्या इंग्रजीत लिहिलेलं असायचं. खेळाचं नाव एवढं लांबलचक की आपल्या घरात त्याला नुसतं 'राज्य' म्हणायला लागले. पुढं पुढं आईसुद्धा रविवारी विचारायच्या, "आज राज्य न्हाई का?"

तो शिपाई सांगत होता, की सीमेवरच्या गावाच्या विहिरीत विष टाकलंय आणि हे काम त्यांचं, जे कधी बोलत नाहीत. इंग्रजीत त्यांचं नाव 'द हश्ड'. मी जरा थांबले आणि म्हणाले, "मुकी टोळी." टोळी हा शब्द आपोआप तोंडात आला. विहिरीभोवती बायामाणसं पडलेली, लेकरं पडलेली. असं करणाऱ्यांना दुसरं काय म्हणणार? त्या पहिल्या भागात त्यांना चेहराच नव्हता. काळी फडकी आणि भिंतीमागून येणारे हात. वार केला तरी ते ओरडत नसत, नुसते खाली पडत. तुम्ही त्यांना कडबा कापावा तसं कापत गेलात आणि मी शेजारी बसून शेंगा सोलत "भावजी, मागं एक हाय" म्हणत राहिले. शेवटी राजा वाचला. तुम्ही खुर्चीत मागे रेललात आणि म्हणालात, "तुमी नसत्या तर मी राजालाच मारलं असतं, वहिनी."

दुसरा भाग आणलात तेव्हा तुमचं कॉलेज संपलं होतं आणि नोकरी लागत नव्हती. त्यात ती सुईण भेटते. अडलेल्या बाईपाशी दिवसभर राबते, मूल हातात देते, आणि बाही वर सारताना तिच्या मनगटावर खूण दिसते, ओठांवर ठेवलेलं बोट. तुमचा हात थांबला. "ही त्यांच्यातली हाय?" ती बोलत नव्हतीच, खडूनं पाटीवर लिहून दाखवत होती. मी ते वाचायला लागले आणि ह्या बाईला टोळी कसं म्हणावं असं वाटून म्हणाले, "मुका पंथ." म्हणाले आणि जीभ चावली. तुम्ही पडद्याकडे बघत राहिलात, पण तुमचे कान लाल झाले होते. मी घाईघाईनं म्हणाले, "अबोल. अबोल पंथ." आतून आई म्हणाल्या, "कुणी कुणाशी अबोला धरलाय?" मग मात्र आपण दोघंही हसत सुटलो. त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी मोकळेपणानं बोलायला लागलात.

आणि भांडायलाही.

"मंग विहिरीत विष कुणी टाकलं?" मी विचारलं.

"ते आपल्याला त्या शिपायानं सांगितलं. शिपाई खातो कुणाचं? राजाचं."

"लेकरं पडलेली मी बघितली भावजी."

"पडलेली बघितली. विष टाकताना बघितलं का कुणाला?"

मला ते पटलं नाही. मी म्हणाले, खेळ बनवणाऱ्यांना दिसलं असेल, की लोकांना ही फडकीवाली माणसं आवडायलीत, म्हणून आता ते त्यांना धुऊन काढायलेत. तुम्ही म्हणालात, "असंल. पण धुतल्यावर खाली जे निघालं ते खोटंच असंल असं कशावरून?" आठवडाभर भाकरी थापताना मी ह्याचं उत्तर शोधत होते.

तुम्हाला हे कधी सांगितलं नाही, पण त्या वर्षांत मी रविवारची वाट बघायचे. माहेरी इंग्रजी शिकले आणि इथं येऊन त्याचा उपयोग काय, तर गॅसच्या पुस्तकावर सही. तुमच्या त्या पाट्या आणि पोथ्या वाचून दाखवताना मला माझाच आवाज ऐकू यायचा. दुसरा भाग संपला त्या दिवशी तुम्ही तुमच्या दादांना म्हणालात, "वहिनी एवढं झटक्यात मराठी करतेत, अन् आपण त्यांना घरात बसवायलोत. शाळेत विचारा की कुठं." तुमच्या दादांनी विचारलं. पाचवी-सहावीला इंग्रजी शिकवायला लागून मला आता बरीच वर्षं झाली. तुमचे आभार मानायचे राहिले, कारण दिराचे आभार मानतात कसे हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या भागापर्यंत तुमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चाललं होतं, संगीता घरात आली होती. ह्या भागात आपणच त्यांच्यातले. सुरुवातीलाच शपथ घ्यावी लागते. एका भुयारात म्हातारी माणसं बसलीत, भिंतीवर नावं कोरलीत, आणि ती शपथ मी वाचून दाखवली: राजानं मारलेल्यांची ही नावं जोवर भर दरबारात मोठ्यानं वाचली जात नाहीत, तोवर आम्ही एक शब्द बोलणार नाही. आई दारात परडीत भाजी घेऊन उभ्या होत्या. "परत वाच गं," म्हणाल्या. मी परत वाचलं. "मंग बरोबर हाय त्यांचं," एवढंच बोलून त्या आत गेल्या. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, पण 'बघा' असं म्हणाला नाहीत. 

आणि थोड्याच वेळात लढाई लागली तेव्हा मी ओरडले, "भावजी, उजवीकडं शिपाई हायत, आपली माणसं डावीकडं गेलीत." तुम्ही खेळ तिथंच थांबवलात आणि खुर्ची वळवलीत. "कोण म्हणलात वहिनी? कुणाची माणसं?" संगीता तेव्हा नवीन होती. आपण एवढं का हसतोय हे तिला कळलं नाही, आणि ती उठून आत गेली. ते आपल्या दोघांच्याही लक्षात यायला हवं होतं.

चौथ्या भागात ते जिंकले. दरबारात नावं वाचली गेली, शपथ सुटली, फडकी उतरली. आणि मग त्यांनी राज्य चालवायला घेतलं. विरोधात बोलणाऱ्याच्या तोंडाला तीच फडकी बांधायला लागले. चौकात बांधून उभी केलेली माणसं दिसली तसं तुम्ही बटण दाबून कॉम्प्युटरच बंद केलात. तुमचा चेहरा उतरला होता.

"असं न्हाई करणार ते. लिहिणाऱ्यानं वाट लावली."

आता बाजू उलटली होती, मी बनवणाऱ्यांची वकील झाले होते. "माणसं बदलतेत भावजी. खुर्ची मिळाली की."

"समदीच न्हाई बदलत. ती सुईण अशी वागंल का सांगा."

"ती आता म्हातारी झाली असंल. तिला विचारतंय कोण?"

तुम्ही खरोखर रागावलात. मी त्याला 'अबोल दरबार' असं नाव दिलं होतं, तेही तुम्हाला झोंबलं. कितीतरी रविवार तुम्ही राज्य लावलं नाहीत. खेळातल्या माणसांसाठी घरात एवढं तोंड पाडून बसणारा माणूस तुमच्या दादांनी पहिल्यांदाच बघितला, असं ते म्हणाले. मला मात्र कळत होतं. शपथ ऐकून आई जे बोलून गेल्या होत्या, ते तुम्ही मनात ठेवलं होतं. ज्यांचं बरोबर होतं, ते चुकले हे तुम्हाला सहन होत नव्हतं. शेवटी एकदा तुम्ही तो भाग पुरा केलात, पण एकट्यानं, मला न बोलावता. माझ्यावाचून ते इंग्रजी तुम्ही कसं लावलंत, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

पाचवा भाग यायला फार वर्षं लागली. तुमच्या कानशिलांवर केस पांढरे झाले, मला चष्मा लागला. ह्या भागात दरबार मोडलाय, त्यांना सगळीकडून हाकललंय आणि उरलेसुरले त्या किल्ल्याच्या दाराशी आलेत. आपण दारावरचे पहारेकरी. त्यांनी पुन्हा फडकी बांधलीत, पुन्हा बोलत नाहीत. त्यांत चौकात माणसं बांधणारे असतील, बाळंतपणं करणारे असतील, ओळखायला मार्ग नाही. आत विहीर आहे आणि आतले लोक ओरडतायत, की हेच ते विष टाकणारे. पडद्यावर दोनच पर्याय. दार उघडा, नाहीतर बाण सोडा.

"उघडायचं," तुम्ही म्हणालात.

"आत लेकरं हायत भावजी."

"बाहेर पण असतील. फडक्याखाली काय दिसायलंय?"

"म्हणूनच म्हणते, दिसंपर्यंत थांबा."

"थांबायचं म्हणजे मारायचंच की वहिनी. बर्फात किती वेळ तग धरतील?"

मी पहिल्या भागातली विहीर काढली, तुम्ही शिपायाचा पगार काढलात. आवाज चढले. तेवढ्यात दुकानावर गिऱ्हाईक आल्याचा फोन आला आणि तुम्ही चप्पल घालत म्हणालात, "ऱ्हाऊ द्या तसंच. पुढच्या रविवारी बघू." मी फणकाऱ्यानं म्हणाले, "बघा तुमचं तुमी." माझ्याशी तुमचं ह्या विषयावरचं ते शेवटचं बोलणं.

बुधवारी तुम्ही सोनपेठला एका शाळेतले कॉम्प्युटर नीट करायला निघालात. संगीतानं डबा दिला. दिवेलागणीला तुमच्या नंबरवरून फोन आला आणि आवाज दुसऱ्याच माणसाचा होता. उसाची ट्रॉली रस्त्यातच उभी, मागे ना दिवा ना काही, अंधार पडत आलेला. त्या माणसानं ठिकाण सांगितलं तेव्हा तुमचे दादा म्हणाले, "चुकतंय तुमचं. आमचा भाऊ सोनपेठला गेलाय." तो माणूस म्हणाला, "न्हाई दादा. हा बोरीचा रस्ता हाय." 

सोनपेठ खाली गोदावरीकडे, बोरी वर जिंतूरकडे. दोन्हींच्या मधे आपलं मानवत, आपलं घर. तुम्ही घरावरून तसेच पुढे गेला होतात.

पुढचं मी लिहीत नाही. पण नंतर घरात काय झालं ते तुम्हाला सांगायला पाहिजे, कारण ते सगळं तुमच्याबद्दल होतं आणि तुम्ही नव्हतात.

पहिल्या दिवशी लोक म्हणाले, जोरात चालवत असेल, फोनवर बोलत असेल. दुसऱ्या दिवशी विषय बदलला. बोरीला काय काम होतं? चहाची भांडी विसळताना एक पाहुणी दुसरीला सांगत होती, "एका दिवसाचं न्हाई बाई ते. दर बुधवारी तिकडं दिसायचा म्हणं." दुसरीनं नुसतंच "अगं बाई" केलं. संगीता मागे तांब्या घेऊन उभी होती. तिनं तांब्या ठेवला, पाणी न पिता. आणि काल विधीच्या वेळी त्यातल्याच एका घरचा माणूस उभा राहून बोलला, मिलिंदसारखा निर्मळ माणूस लाखात मिळायचा नाही. बेफिकीर, मग लपूनछपून जाणारा, मग निर्मळ. एवढ्याशा दिवसांत तुमचे किती मिलिंद झाले, आणि त्यातला एकही राज्यासाठी तोंड पाडून बसणारा नव्हता.

संगीतानं मला एकटीला गाठून विचारलं, "ताई, तुमाशी लय बोलायचे ते. तुमाला ठाऊक असंल. कोण हाय बोरीला?"

"मला न्हाई माहीत गं."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "डबा भरलेलाच परत आला. गाडीला अडकवलेला तसाच. दिवसभर जेवले न्हाईत ते. जिच्याकडं गेले तिनं जेवू तरी घालावं की न्हाई?"

भावजी, त्या वेळी मला जी भीती वाटली ती आजवर कधी वाटली नव्हती. तुमच्याबद्दल काही वाईट निघेल ही नव्हे. काहीच निघणार नाही, ही. नुसता रस्ता राहील, आणि त्या रस्त्यावर ज्याला जे वाटेल ते तो उभं करील. स्वरा मोठी होईल आणि बापाबद्दल कुणाकडून तरी काहीतरी ऐकेल. मी काय सांगणार होते तिला? मी काही बघितलं नव्हतं.

काल दुपारी मांडव सोडत होते. रिक्षा थांबली आणि कुबड्या घेतलेला एक माणूस उतरला. पन्नाशीचा, दाढी पिकलेली. बरोबर त्याची म्हातारी आई. दारातच थांबून म्हणाला, "मी अन्वर. बोरीहून आलो. आमची पिठाची गिरणी हाय तिथं. मिलिंदभाईचं आमाला परवा कळालं. आमच्याकडं कुणाचा नंबरच नव्हता."

तुमचे दादा त्यांना आत घेऊन आले. संगीता भिंतीला टेकून उभी राहिली. मी तिच्याशेजारी.

अन्वरभाईंनी टॉवेल टाकलेल्या कॉम्प्युटरकडे बघितलं आणि मग मला विचारलं, "तुमीच वैनी ना? राज्याच्या?"

मग त्यांनी सांगितलं. हाच खेळ खेळणाऱ्यांच्या कुठल्याशा फोनवरच्या ग्रुपात तुमची ओळख झाली, आणि दोघंही ह्याच जिल्ह्यातले निघालात. खेळातली सगळी वाक्यं एका जागी साठवलेली असतात, ती काढून तिथं आपली वाक्यं बसवता येतात, हे अन्वरभाईंना जमत होतं, इंग्रजीही येत होतं. त्यांना फिरता येत नाही, म्हणून तुम्ही जायचात. चौथा भाग तुम्ही त्यांच्याच मदतीनं लावला होता. दर बुधवारी गिरणीच्या मागच्या खोलीत बसून तुम्ही दोघं राज्य मराठीत करत होतात.

"मी विचारलं त्यांना, भाई, ही मेहनत कुणासाठी? तर म्हणले, आमच्या वैनी इतकी वर्षं मला वाचून सांगायलेत. त्यांनी एकदा तरी स्वतः खेळावं. वाचायचं काम कॉम्प्युटरनं करावं."

मी खाली बसले. मी कधीच खेळले नव्हते भावजी. माझ्या ते डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

"घरात का न्हाई सांगितलं?" तुमच्या दादांनी विचारलं.

अन्वरभाई अवघडले. संगीताकडे बघून म्हणाले, "माफ करा. ते म्हणायचे, संगीताला सांगितलं की चहा व्हायच्या आत वैनीला कळतंय. तिच्या पोटात काही ऱ्हात न्हाई."

आणि संगीता हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसताच तिचं तोंड वाकडं झालं आणि ती माझ्याशेजारी खाली बसून पदरात तोंड घालून रडायला लागली. अन्वरभाईंच्या आई उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या.

"त्या दिवशी मीच बोलावलं," अन्वरभाई खाली बघून म्हणाले. "चार भाग पुरे झाले, चालू करून बघू म्हणून फोन केला. ते म्हणले, सोनपेठचं काम लवकर उरकलंय, येतो. मी फोन केला नसता तर..."

संगीतानं डोळे पुसले आणि विचारलं, "जेवले होते का ते तुमच्याकडं?"

उत्तर म्हाताऱ्या आईंनी दिलं. "जेवला की बेटा. डबा हाय म्हणला, तर मी म्हणले, आज घरात खिचडा हाय, डबा ऱ्हाऊ दे. दोनदा घेऊन खाल्ला." त्यांनी वाटी किती भरली होती ते हातानं दाखवलं.

संगीतानं एक मोठा श्वास सोडला. तो माझ्या दंडाला लागला. मग ती चहा ठेवायला उठली.

जाताना अन्वरभाईंनी एक पेन ड्राइव्ह दिला आणि मला एक गोष्ट सांगितली. पहिल्या भागात तुम्ही 'मुकी टोळी' लिहिलंय, दुसऱ्यात 'अबोल पंथ', तिसऱ्यात शपथेनंतर सगळीकडे 'आपली माणसं', आणि चौथ्यात 'अबोल दरबार'. अन्वरभाई म्हणाले होते, एकच नाव ठेवा, नाहीतर खेळणाऱ्याचा गोंधळ होईल. तुम्ही ऐकलं नाहीत. वहिनी त्या त्या वेळी जे म्हणाल्या तेच राहू द्या, म्हणालात. त्या कशा बदलत गेल्या ते पण दिसायला पाहिजे.

"चौथ्या भागावर लय नाराज होते," अन्वरभाई म्हणाले. "पण एक वाक्य गाळलं न्हाई."

इतकी वर्षं मी म्हणत होते, बनवणाऱ्यांनी त्यांना बदललं. तुम्ही म्हणत होतात, ते तेच होते, सांगणारे वेगळे होते. आणि सांगणारी तर मी होते. तुम्ही मला हे कधीही तोंडावर म्हणू शकला असतात, वाद तिथंच संपला असता. तुम्ही म्हणाला नाहीत. ह्या गोष्टीचा राग मानावा की तुमच्या पाया पडावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

इथपर्यंत सकाळी लिहिलं होतं. आता संध्याकाळ होत आलीय.

आज रविवार. जेवणं झाली, आई आडव्या झाल्या. मी पेन ड्राइव्ह कपाटात ठेवला होता, आज काही करायचं नव्हतं मला. पण संगीता बाहेर आली आणि तिनं कॉम्प्युटरवरचा टॉवेल काढला. त्याची घडी केली. दोन खुर्च्या ओढल्या आणि ज्या खुर्चीत तुम्ही बसायचात तिच्यावर मला बसायला सांगितलं.

"मला चालवता येत न्हाई गं."

"मला तरी कुठं येतंय? लावा. एवढं काय होतं त्याच्यात ते मला बघायचंय."

अन्वरभाईंचे चार भाग नंतर लावू, म्हणाली. आधी हे जिथं सोडून गेलेत तिथलं. कॉम्प्युटर सुरू झाला. बर्फ पडत होता. ती माणसं उभीच होती. पाचव्या भागात मराठी नव्हतं, म्हणून मी तिला इंग्रजी वाचून दाखवलं, तुम्हाला दाखवायचे तसं. त्यांच्या नावापाशी आले आणि अडखळले. काय म्हणू कळेना. शेवटी नुसतं म्हणाले, "ही बाहेरची माणसं."

"चांगली हायत का वाईट?"

मी तिला विहीर सांगितली. सुईण सांगितली, शपथ सांगितली, चौकातली फडकी सांगितली. आत लेकरं आहेत तेही सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमाला कळालेलं न्हाई अजून."

"न्हाई."

"ह्यांना काय वाटायचं?"

"उघडायचं म्हणायचे. मी नको म्हणायचे."

संगीता पडद्याच्या जवळ वाकली आणि एकेका फडक्याकडे बघत राहिली. मग मागे सरकली. तिचा आवाज शांत होता.

"माहीत नसताना लोक लय बोलतेत ताई. आपण उघडू."

उजव्या बाजूचं बटण की डाव्या, तेसुद्धा मला दोनदा बघावं लागलं. आतले लोक ओरडत होते, खाली इंग्रजी पळत होतं आणि मी ते वाचलं नाही. 

दार उघडलंय, भावजी. ते आत यायलेत, एकेक करून, भिंतीला धरून. कुणी फडकं काढलेलं नाही अजून. पुढं काय करतील काही सांगता येत नाही. संगीतानं माझा डावा हात घट्ट धरलाय आणि आम्ही दोघी बघायलोत.